जीझिप, ब्रॉटली आणि तुमची वेबसाइट: कॉम्प्रेशन नीट सुरू कसं करायचं

कॉलेज रोडवरचा क्लास, येवल्याचं पैठणीचं दुकान, पंचवटीतलं भक्तनिवास, पिंपळगावचा द्राक्ष निर्यातदार. अशा साइट बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटचा एकच भाड्याचा सर्व्हर) आणि वर्डप्रेसमध्ये चालतात. त्यांच्या मालकांना विचारलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे फाइली आवळून लहान करून पाठवणं, ‘सुरूच आहे’ असं उत्तर मिळतं. उघडून पाहिलं की बरेचदा ते अर्धवट सुरू असतं: पान आकसून जातं, पण त्याच्या मागची सीएसएस आणि जावास्क्रिप्ट (पानाचं रूप आणि हालचाल ठरवणाऱ्या फाइली) जशीच्या तशी धावत असते. हा लेख मुख्यतः त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहे.

२०२७ च्या सिंहस्थात भक्तनिवासाची साइट लोक घरच्या वायफायवर उघडणार नाहीत. ते ती रामकुंडाच्या गर्दीत उघडतील, तेव्हा एकेका टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतील. तिथे प्रत्येक केबी मोजून घ्यावा लागतो.

हे चालतं कसं

ब्राउझर पान मागतानाच ॲक्सेप्ट-एन्कोडिंग या हेडरमध्ये (मागणी-उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) ‘मला जीझिप, ब्रॉटली या पद्धतींनी आवळलेलं उघडता येतं’ असं सर्व्हरला कळवतो. सर्व्हर फाइल आवळून पाठवतो आणि कन्टेन्ट-एन्कोडिंग या हेडरमध्ये कोणती पद्धत वापरली ते लिहितो. उलगडण्याचं काम ब्राउझर परस्पर करतो, पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जीझिप १९९२ पासून आहे आणि सगळ्या ब्राउझरना ते कळतं. ब्रॉटली गूगलमध्ये तयार झालं, २०१६ मध्ये त्याचं आरएफसी (तांत्रिक तपशिलाचा दस्तऐवज) प्रसिद्ध झालं, आणि मजकुराच्या फाइली ते जीझिपपेक्षा आणखी लहान करतं.

फायदा नेमका कुठे होतो ते पाहा. नवं कनेक्शन उघडलं की सर्व्हर पहिल्या दमात साधारण दहाच पॅकेट सोडतो, म्हणजे सुमारे १४ केबी. पोच आली की पुढच्या दमात त्याच्या दुप्पट. ६० केबीचं पान पोचायला अशा तीन फेऱ्या लागतात. तेच पान १२ केबीवर आलं तर एका फेरीत संपतं. कसारा घाटात फोनची एकेक फेरी रेंगाळत असेल, तर वाचलेल्या दोन फेऱ्या डोळ्यांना दिसतात.

मराठी साइटना यात जास्तीचा लाभ आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची वेबवरची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘नाशिक’ हा शब्द घ्या: न, काना, श, वेलांटी, क. पाच चिन्हं, पंधरा बाइट. रोमन लिपीत हेच नाव सहा बाइटांत मावतं. पण त्या पंधरा बाइटांत एक गंमत आहे. पाचही चिन्हांचे पहिले दोन बाइट अगदी एकसारखे आहेत, फरक फक्त तिसऱ्यात. संपूर्ण देवनागरी तक्त्यात पहिला बाइट एकच आणि दुसरा दोनांपैकी एक असतो. पुनरावृत्ती हेच कॉम्प्रेशनचं खाद्य असल्यामुळे मराठी मजकूर छान आकसतो, आणि कॉम्प्रेशन बंद असलेली मराठी साइट इंग्रजी साइटपेक्षा जास्त फटका खाते.

हाताशी काय हवं

- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचं लॉगिन. व्हीपीएस (स्वतःचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) असेल तर एसएसएच (दुरून लॉगिन) आणि सुडो (प्रशासकाचे) अधिकार.
- डॉट एचटीॲक्सेस (अपाची सर्व्हरला फोल्डरपुरत्या सूचना देणारी फाइल) किंवा सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलची प्रत, आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली. सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये डॉटने सुरू होणाऱ्या फाइली दिसत नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘शो हिडन फाइल्स’ आधी चालू करा.
- डेस्कटॉपवरचा क्रोम किंवा फायरफॉक्स.
- ब्रॉटली हवं असेल तर एसएसएल (साइट सुरक्षित एचटीटीपीएसवर चालवणारं प्रमाणपत्र). ब्राउझर ब्रॉटलीची मागणी एचटीटीपीएसवरच करतात.
- तपासायच्या चार-पाच पानांची यादी: मुखपृष्ठ, एक लांब लेख, उत्पादनांचं पान, संपर्काचा फॉर्म.

एक सूचना. आज्ञांची आणि हेडरची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची असतात, म्हणून इथून उचलून तिथे चिकटवू नका.

१. आधी मोजा

क्रोममध्ये साइट उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा. ‘डिसेबल कॅश’वर खूण करा आणि पान रिलोड करा. ही खूण विसरलात तर आकार कॅशमधून (आधीच साठवलेल्या प्रतींतून) येतात आणि पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं.

खालच्या पट्टीत दोन आकडे दिसतील: ‘ट्रान्सफर्ड’ म्हणजे तारेवरून खरोखर आलेलं, आणि ‘रिसोर्सेस’ म्हणजे उलगडल्यानंतरचं. दोन्ही लिहून ठेवा.

आता फाइली एकेक करून बघा. यादीतल्या ओळीवर क्लिक करा, ‘हेडर्स’ उघडा आणि रिस्पॉन्स हेडरमध्ये कन्टेन्ट-एन्कोडिंग शोधा. किमान तीन प्रकार तपासायचे: मुख्य पान, एक सीएसएस, एक जावास्क्रिप्ट. पैठणीच्या दुकानाच्या साइटवर चित्र साधारण असं दिसतं: पहिल्या ओळीत मुख्य पानापुढे जीझिप लिहिलेलं, खाली थीमच्या सीएसएससमोर काहीच नाही, आणि जेक्वेरी (वर्डप्रेससोबत येणारी जावास्क्रिप्ट फाइल) तब्बल ८५ केबीच्या पुढे. मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून लहान केलेली) जेक्वेरी ३ कॉम्प्रेस होऊन ३० केबीच्या आसपास यायला हवी. ती ८५ च्या वर दिसली की निदान झालंच.

एखाद्या ऑनलाइन तपासणी साइटने ‘जीझिप इनेबल्ड’ म्हणून हिरवी खूण दिली म्हणून गंगेत घोडं न्हालं असं समजू नका. अशी साधनं बहुधा फक्त मुख्य पान मागतात.

कमांड लाइनवर कर्ल (पान मागवणारी आज्ञा) वापरणार असाल तर ते स्वतःहून ॲक्सेप्ट-एन्कोडिंग पाठवत नाही हे ध्यानात घ्या. दोन डॅश आणि ‘कम्प्रेस्ड’ हा पर्याय दिल्याशिवाय कॉम्प्रेशन नेहमी बंदच दिसेल. शिवाय फक्त हेडर मागणारा कॅपिटल ‘आय’चा पर्याय काही सर्व्हरवर चुकीचं चित्र दाखवतो. फाइल पूर्ण मागवा आणि हेडर वेगळे छापा.

२. कोणता सर्व्हर आहे ते ओळखा

त्याच हेडरच्या यादीत ‘सर्व्हर’ नावाची ओळ असते. तिथे अपाची, लाइटस्पीड, इंजिनएक्स, मायक्रोसॉफ्ट-आयआयएस किंवा क्लाउडफ्लेअर यांपैकी काहीतरी असेल. क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे बसून पानं वाटणारी सेवा) दिसलं तर मूळ सर्व्हर त्याच्या पाठीमागे दडलेला आहे, होस्टिंगवाल्यांना विचारून घ्या. त्यांना तीनच गोष्टी विचारा: सर्व्हर कोणता, मॉड-डिफ्लेट (अपाचीचं कॉम्प्रेशनचं मॉड्यूल) सुरू आहे का, आणि पुढे इंजिनएक्स प्रॉक्सी (मधला सर्व्हर) म्हणून बसवला आहे का. ‘साइट स्लो आहे’ असं लिहिलंत तर महागड्या प्लॅनचा सल्ला मिळेल.

लाइटस्पीड असेल तर बहुधा सगळं आधीच चालू असतं. थेट आठव्या पायरीवर जा.

३. सीपॅनेलमधून

‘सॉफ्टवेअर’ विभागात ‘ऑप्टिमाइझ वेबसाइट’ असं चिन्ह असतं. काही कंपन्या ते लपवतात. दिसलं नाही तर चौथी पायरी करा. आत तीन पर्याय आहेत: बंद, सगळा मजकूर, आणि ठरावीक माइम प्रकार (फाइल कोणत्या जातीची ते सांगणारी नावं). तिसरा निवडा. त्याच्या चौकटीत आधीपासून भरलेली यादी तोकडी असते, आणि अर्धवट कॉम्प्रेशनचा उगम बरेचदा इथेच असतो. सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन आणि एसव्हीजी यांचे प्रकार स्वतः भरा, मगच सेव्ह करा.

४. अपाचीवर डॉट एचटीॲक्सेस

पब्लिक-एचटीएमएल फोल्डरमधली फाइल उघडा. वर्डप्रेसने ‘बिगिन वर्डप्रेस’ आणि ‘एंड वर्डप्रेस’ यांच्या मध्ये लिहिलेल्या ओळींत काहीही घालू नका, परमालिंक सेव्ह केले की तो भाग पुन्हा लिहिला जातो. आपला तुकडा त्याच्या वर ठेवा.

तुकड्याची रचना अशी: बाहेर ‘इफ-मॉड्यूल मॉड-डिफ्लेट’ची चौकट. आत ‘ॲड-आउटपुट-फिल्टर-बाय-टाइप’ ही आज्ञा, एक जागा सोडून ‘डिफ्लेट’, आणि त्यापुढे माइम प्रकार, प्रत्येकात एक जागा सोडून:

- टेक्स्ट/एचटीएमएल, टेक्स्ट/प्लेन, टेक्स्ट/सीएसएस, टेक्स्ट/एक्सएमएल
- टेक्स्ट/जावास्क्रिप्ट आणि ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट, दोन्ही
- ॲप्लिकेशन/जेसन, ॲप्लिकेशन/एक्सएमएल, ॲप्लिकेशन/आरएसएस+एक्सएमएल
- इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल
- फॉन्ट/टीटीएफ आणि फॉन्ट/ओटीएफ

जावास्क्रिप्ट दोनदा लिहायचं कारण असं की काही सर्व्हर एका नावाने ती पाठवतात, काही दुसऱ्या. एकच लिहिलंत आणि नेमकं ते दुसरं निघालं तर ८५ केबी तसेच राहतात.

‘इफ-मॉड्यूल’ची चौकट दुधारी आहे. ती नसेल आणि सर्व्हरवर मॉड्यूलही नसेल, तर साइट ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ देऊन कोसळते. ती असेल तर साइट शाबूत राहते, पण मॉड्यूल नसल्याचंही कळत नाही: फाइल बरोबर, चूक नाही, कॉम्प्रेशनही नाही. म्हणून सेव्ह केल्यावर लगेच पहिल्या पायरीतलं मोजमाप पुन्हा करा. फरक शून्य असेल तर मॉड-डिफ्लेट आणि मॉड-फिल्टर सुरू करून द्या असं होस्टिंगला कळवा. अपाची २.४ मध्ये वरच्या आज्ञेला मॉड-फिल्टर लागतं, एकट्या डिफ्लेटवर भागत नाही.

५०० आला तर घाबरू नका. उतरवून ठेवलेली जुनी फाइल परत चढवा, साइट जागच्या जागी उभी राहते.

५. इंजिनएक्सवर

उबुंटूवर इंजिनएक्स टाकलात की मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये जीझिप चालू असतं, पण त्याखालच्या ओळी हॅशने बंद करून ठेवलेल्या असतात. त्यातलीच एक ‘जीझिप-टाइप्स’. ती बंद असेपर्यंत इंजिनएक्स फक्त एचटीएमएल आकसतो. व्हीपीएस घेणारे नवे लोक ‘जीझिप ऑन’ ही ओळ पाहून समाधानाने फाइल बंद करतात.

शब्दांमध्ये इथे डॅश नाही, अंडरस्कोर असतो. या ओळी बघून घ्या:

- जीझिप: ऑन.
- जीझिप व्हेरी: ऑन. याने व्हेरी हेडर जातो आणि मधल्या कॅशला आकसलेली आणि साधी प्रत वेगळी ठेवता येते.
- जीझिप प्रॉक्सीड: एनी. मूळ किंमत ‘ऑफ’ आहे. पुढे सीडीएन (क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा) असेल आणि तो ‘व्हाया’ हेडर लावत असेल, तर या एका ओळीअभावी सगळं कॉम्प्रेशन गप्प बसतं.
- जीझिप कॉम्प लेव्हल: ५. पल्ला १ ते ९, मूळ किंमत १. पाच-सहाच्या पुढे फाइल जेमतेम लहान होते, प्रोसेसर मात्र घामाघूम होतो.
- जीझिप मिन लेंग्थ: १०२४. मूळ किंमत २० बाइट, ती फारच कमी आहे. हजार बाइटांची फाइल तशीही एकाच पॅकेटमध्ये जाते.
- जीझिप टाइप्स: चौथ्या पायरीतली यादी, टेक्स्ट/एचटीएमएल वगळून. ते इंजिनएक्स नेहमीच धरतो. पुन्हा लिहिलंत तर ‘डुप्लिकेट माइम टाइप’ची कुरकुर करतो.

प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम. मग इंजिनएक्सला डॅश ‘टी’ देऊन कॉन्फिग तपासा, ‘सक्सेसफुल’ आलं तरच रिलोड करा. रिस्टार्ट नको, रिलोडने चालू असलेली कनेक्शन तुटत नाहीत.

६. विंडोज होस्टिंग

जुन्या डॉटनेट साइट अजून आयआयएसवर आहेत. वेब-डॉट-कॉन्फिगमध्ये ‘यूआरएल कम्प्रेशन’ या घटकात स्थिर आणि डायनॅमिक दोन्ही ‘ट्रू’ करा. डायनॅमिकचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं, ते होस्टिंगच्या हाती. तपासताना एक गोष्ट: आयआयएस स्थिर फाइल पहिल्याच मागणीला आकसत नाही. मूळ सेटिंगनुसार दहा सेकंदांत दोनदा मागितलेली फाइलच तो ‘वारंवार लागणारी’ धरतो. म्हणून भराभर दोन-तीनदा रिलोड करा, मग निष्कर्ष काढा.

७. ब्रॉटली

अपाचीत २.४.२६ पासून मॉड-ब्रॉटली येतं. इंजिनएक्सला वेगळं मॉड्यूल लागतं, नव्या उबुंटू आवृत्त्यांत ते पॅकेज म्हणून मिळतं. शेअर्ड होस्टिंगवर दोन्ही तुमच्या हाती नसतात. क्लाउडफ्लेअरच्या मोफत प्लॅनमधून साइट नेली तर पाहणाऱ्याला ब्रॉटली किंवा त्याहून नवं झेडस्टँडर्ड आपोआप मिळतं, आणि नवख्याने तोच रस्ता धरावा असं माझं मत आहे.

स्वतः लावणार असाल तर पातळी नीट निवडा. पल्ला ० ते ११. पीएचपीतून क्षणोक्षणी तयार होणाऱ्या पानांसाठी ४ किंवा ५. अकरा फक्त आधीच आकसून ठेवायच्या फाइलींसाठी; प्रत्येक मागणीला अकरा लावलंत तर कॉम्प्रेशनमुळे वाचलेला वेळ कॉम्प्रेशनच खाऊन टाकेल. जीझिप काढू नका, ब्रॉटली न मागणाऱ्यांना तेच जातं.

आधी आकसून ठेवलेल्या फाइलींत एक खोच आहे. सीएसएस बदलली पण तिची जीझेड प्रत नव्याने केली नाही, तर इंजिनएक्स जुनीच प्रत वाटत राहतो, ती ताजी आहे का ते बघत नाही. ‘रंग बदलला पण दिसत नाही’ अशा तक्रारीमागे हेही असू शकतं.

८. कशाला हात लावायचा नाही

जेपीईजी, पीएनजी, वेबपी, एमपी-४, झिप आणि बहुतेक पीडीएफ मुळातच आकसलेले असतात. त्यांना पुन्हा आवळलं तर प्रोसेसर राबतो आणि फाइल उलट काही बाइटांनी वाढते. पैठणीच्या पदराचा ४ एमबीचा फोटो जीझिपने हलका होणार नाही. तो आधी १२०० पिक्सेल रुंदीवर आणा, मग वेबपी करा. दुकानाच्या साइटवर खरं वजन फोटोंचंच असतं आणि कॉम्प्रेशनने ते तसूभर हलत नाही, हे मालकाला आधीच सांगून टाका.

देवनागरी फॉन्टचं उलटं आहे. जोडाक्षरांमुळे ते जड असतात आणि कित्येक साइटवर अजून टीटीएफ रूपात पडलेले दिसतात. टीटीएफ कॉम्प्रेस होतो, पण वॉफ-२ (वेबसाठीचं फॉन्टचं रूप) केलेला बरा, कारण त्यात ब्रॉटली आतूनच आहे. वॉफ-२ मात्र यादीत घालू नका.

९. बिघडलं तर कुठे पाहायचं

*पानावर चित्रविचित्र चिन्हं, किंवा क्रोममध्ये ‘कन्टेन्ट डिकोडिंग फेल्ड’.* दोनदा कॉम्प्रेशन झालं आहे, किंवा हेडर एक सांगतो आणि मजकूर दुसराच आहे. पीएचपीचं झेडलिब आउटपुट कम्प्रेशन, कॅश प्लगिनमधला ‘कम्प्रेस पेजेस’ आणि सर्व्हर, या तिघांपैकी एकालाच काम द्या. सर्व्हरला द्या, बाकी दोन बंद करा. पीएचपी फाइलीच्या सुरुवातीला सांडलेली एखादी रिकामी ओळही हेच करू शकते.

*पान अर्ध्यावर तुटतं.* एखादी स्क्रिप्ट कन्टेन्ट-लेंग्थ स्वतः लिहिते आहे, आणि तो आकडा आकसण्यापूर्वीचा किंवा नंतरचा असा चुकीचा पडतो आहे. ती ओळ काढा, लांबी सर्व्हरला ठरवू द्या.

*मोबाइलवर कॉम्प्रेशन दिसतं, सातपूर-अंबडच्या ऑफिसात दिसत नाही.* ऑफिसची प्रॉक्सी किंवा कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर काढून टाकत असेल. सर्व्हर निर्दोष आहे. फोनचं हॉटस्पॉट लावून तोच लॅपटॉप तपासा.

*क्लाउडफ्लेअर असूनही काही फाइली तशाच.* त्यांच्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये ‘नो-ट्रान्सफॉर्म’ आहे का बघा. तो असेल तर क्लाउडफ्लेअर त्या फाइलींना हात लावत नाही.

*सगळं बरोबर, तरी आकडे जुनेच.* प्लगिनची कॅश, सर्व्हरची कॅश, सीडीएनची कॅश, याच क्रमाने तिन्ही साफ करा.

लॉगिन असलेल्या बुकिंग पोर्टलसाठी आणखी एक. एकाच पानात गुप्त टोकन (मागणी खऱ्या वापरणाऱ्याची आहे हे पटवणारी खूण) आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर दोन्ही परत येत असतील, तर आकसलेल्या पानाच्या लांबीवरून टोकन हुडकता येतं. ब्रीच नावाचा हा हल्ला २०१३ मध्ये दाखवण्यात आला. टोकन दर मागणीला बदलतं ना, हे डेव्हलपरला विचारा. तसं नसेल तर त्या पानांपुरतं कॉम्प्रेशन बंद ठेवा, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचं चालू राहू द्या. नुसती माहिती देणाऱ्या साइटला याची धास्ती नको.

१०. पुन्हा मोजा, नोंद ठेवा

पहिल्या पायरीतली तीच पानं, तसंच ‘डिसेबल कॅश’ लावून. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा तारेवरचा आकार मूळच्या साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर यायला हवा. मग नेटवर्क टॅबमधलं थ्रॉटलिंग (वेग मुद्दाम कमी करणारी सोय) ‘३जी’वर ठेवून एकदा पान उघडून बघा, ऑफिसच्या फायबरवर न जाणवणारा फरक तिथे जाणवतो.

थीम बदलली, होस्टिंग हलवलं किंवा नवं कॅश प्लगिन टाकलं की ही तपासणी परत करा. होस्टिंग हलवताना डॉट एचटीॲक्सेस सोबत जाते, पण नवा सर्व्हर इंजिनएक्स असेल तर तो ती फाइल वाचतच नाही, आणि चौथ्या पायरीतलं काम पाचव्या पायरीप्रमाणे नव्याने करावं लागतं.